‘दिलं’ आणि ‘देणार’

परमेश्वराने माणसाला दोन हात दिले, आणि एका हाताला दुसऱ्याची जाणीव दिली. उजव्याने ताट धरले की डावा आपसूक पेल्याकडे वळतो. दोघे मिळून एकाच पेल्यावर झडप घालत नाहीत. पण ज्या देशाचे अंग युद्धाने खिळखिळे झाले, जिथे सरकार आहे आणि सरकारच्या मनगटात बळ नाही, तिथे मदतीला सत्तावीस संस्थांचे हात धावून येतात आणि सत्तावीसही एकमेकांना अनोळखी असतात. एका वस्तीत तिघे येऊन पांघरुणे वाटून जातात, पलीकडच्या वस्तीत कुणी फिरकत नाही. म्हणून अशा देशात एक कार्यालय लागते. ते धान्य वाटत नाही, विहीर खणत नाही, जखम बांधत नाही. ते विचारत राहते: कोण, काय, कुठे? विचारावे आणि लिहावे, लिहावे आणि सर्वांना सांगावे, एवढीच त्याची सेवा. त्या सेवेत सहा महिन्यांची उमेदवारी करणाऱ्या एका मुलीची ही हकिकत.

तिचे वय तेवीस. वडील युद्धात हरवलेले; ‘गेले’ हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. आई लोकांचे कपडे शिवी, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि सुई ओवायला आता मुलगी लागे. उमेदवारी पुरी झाली की कार्यालयाच्या प्रमुख, समन्वयक बाई, शिफारसपत्र देणार होत्या. त्या पत्रावर नोकरी मिळायची होती, आणि त्या नोकरीवर आईचे मशीन थांबायचे होते.

बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल होते आणि भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. टेबलाशी बसणाऱ्यांनी बोलायचे, भिंतीशी बसणाऱ्यांनी लिहायचे. ती भिंतीशी बसे आणि असे नेटके लिही की कुणाचा उसासाही निसटत नसे. म्हणून तिचे नाव पडले ‘टिपणी’.

“टिपणी, गेल्या सोमवारी मी काय कबूल केलं होतं गं?” पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेचे साहेब विचारत.

ती पान उलटून सांगे, “सर, तुम्ही म्हणालात, ‘बघू’.”

टेबलभर हशा पिके. साहेबही हसत आणि म्हणत, “ही पोरगी मला एक दिवस फासावर देणार.”

दर सोमवारी ती एक तक्ता छापून सर्वांपुढे ठेवी. दोनशे बारा वस्त्या, प्रत्येकीची एक ओळ, आणि ओळीत चौकोन: पाणी, औषध, अन्न, निवारा. मदत पोहोचली असेल तर चौकोन हिरवा. कुणी कबूल केली असेल पण पोहोचली नसेल तर पिवळा. काहीच नसेल तर पांढरा. पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून टेबलाशी बसलेला कुणीतरी म्हणायचा, “हे आम्ही घेतो,” आणि त्या दोन शब्दांवर कुठेतरी एका गावाची चूल पेटायची.

चौथ्या महिन्यात प्रिंटरची रंगीत शाई संपली. नवी शाई सीमेवर अडकली होती. सोमवारी सकाळी वीज नसे, त्यामुळे पडद्यावर तक्ता दाखवण्याची सोय नव्हती. टिपणीने हाताशी होती त्या काळ्या शाईत तक्ता छापला. फिकट हिरवा करडा उमटला, पिवळाही करडा उमटला. पांढरे तेवढे पांढरे राहिले. तिला वाटले, तक्ता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे, समजून घेतील. सर्वांना वाटले, करडे म्हणजे झालेले. असे तीन सोमवार गेले.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी दुपारी कार्यालयाचे ड्रायव्हरकाका तिच्या घरी आले. आईकडे त्यांचा शर्ट उसवल्या बाहीसाठी पडून होता. आई खिडकीशी बसून शेवटचे बटण लावत होती.

“वहिनी, बटण घट्ट लावा. आमच्या गाडीच्या हादऱ्यात दात टिकत नाहीत, बटणाचं काय!” काका बसले. मग त्यांचा आवाज उतरला. “टिपणी, रागावू नकोस, एक विचारतो. नदीपलीकडच्या वस्तीला पाणी दिलं, ते कुणी दिलं गं?”

“कोणती वस्ती, काका?”

“तुमच्या तक्त्यात एकशेसत्तेचाळीसवी. माझी मावशी राहते तिथं. पाण्याची एक गाडी नदीपर्यंत आली आणि कागद बघून माघारी वळली. म्हणे, तुमचं भागलंय. मावशी म्हणाली, घसा कोरडा तो कोरडाच, भागलं कुणाचं? कागदावर पाऊस पडला असेल तर तो कागद तरी पिळून द्या म्हणावं.” काका हसले नाहीत. “नदीचं पाणी पितात सगळे. चार घरांत जुलाब लागलेत. मावशीच्या शेजारची सून परवा गेली. अंगावर पिणारं पोर आहे तिचं.”

टिपणीने पिशवीतून गेल्या सोमवारचा तक्ता काढला. एकशेसत्तेचाळीस. पाण्याचा चौकोन करडा. तिने वहीची पाने उलटली. तिथे तिच्याच अक्षरात होते: एका लहान संस्थेने पाणी कबूल केले. आणि पुढच्या तिन्ही सोमवारी त्याच संस्थेपुढे, तिच्याच अक्षरात: गैरहजर. ती संस्था गाशा गुंडाळून देशाबाहेर गेली होती. खुर्ची रिकामी होती आणि ते रिकामेपण टिपून ठेवूनही टिपणीला दिसले नव्हते.

“हा पिवळा होता, आई,” ती म्हणाली. “मी करडा छापला.”

आईने शर्ट मांडीवर ठेवला. “म्हणजे?”

टिपणीने सांगितले. असे नऊ चौकोन होते, नऊ वस्त्या. सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “उद्या पेनानं दुरुस्त करून नवा कागद ठेवला तर कुणाला कळायचंही नाही.”

“मग पाणी पोहोचेल?”

तिला उत्तर ठाऊक होते. महिन्याभराच्या गाड्या जुन्या तक्त्यावरून ठरल्या होत्या. जुना तक्ता खोटा ठरल्याशिवाय त्या गाड्या कुणी वळवणार नव्हते; आणि तो खोटा का, हे सांगितल्याशिवाय तो खोटा ठरणार नव्हता.

“सांगितलं तर पत्र जाईल, आई.”

आईने दोन रिळे उचलून खिडकीच्या उजेडात धरली, एक पोपटी, एक पिवळे. “आता मला या दोन्हींत फरक दिसत नाही. गेल्या महिन्यात एका बाईच्या पोपटी झग्याला मी पिवळ्या दोऱ्यानं टाके घातले. वरून दाबून लपवायला गेले, लपेनात. शेवटी सगळं उसवलं. उसवल्यावर भोकं दिसतात गं कापडाला. दिसू देत.” तिने कापडावर खुणा करायचा पिवळा खडू मुलीपुढे सरकवला. “घे. तुमच्याकडे शाई नाही ना?”

काका उठले. “वहिनी, शर्ट राहू द्या आज,” ते म्हणाले, आणि जाताना दारात क्षणभर थांबून त्यांनी टिपणीच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी दहा वाजता टेबल भरले. प्रत्येकापुढे तक्ता होता आणि प्रत्येक तक्त्यावर नऊ चौकोन खडूने पिवळे केले होते. भिंतीशी एक खुर्ची सरकली.

“मला बोलायचं आहे.”

समन्वयक बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “टिपणी, तुझी पाळी नाही.”

“माहीत आहे, बाई.” ती उभीच राहिली. “गेले तीन तक्ते चुकीचे आहेत. मी छापले. पिवळा आणि हिरवा एकच दिसतोय हे मला दिसलं होतं, मी सांगितलं नाही. या नऊ ठिकाणी कुणीही गेलेलं नाही. एकशेसत्तेचाळीसमध्ये एक बाई वारली.”

टेबलाशी बसलेल्या सर्वांच्या माना आपापल्या तक्त्याकडे वळल्या.

पाण्याच्या साहेबांनी बोट त्या ओळीवर ठेवले. “म्हणजे माझी गाडी नदीवरून कागद बघून माघारी वळली, ती...” त्यांचे वाक्य पुरे झाले नाही. फोन घेऊन ते दाराबाहेर गेले आणि दारातूनच त्यांचा आवाज ऐकू आला, “उद्याच्या दोन्ही गाड्या नदीपलीकडे. हो, दोन्ही.” मग टेबलाच्या इतर कडांवरून एकेक शब्द उठला: हे आम्ही घेतो. हे आम्ही. हे आमच्याकडे.

बैठक संपल्यावर समन्वयक बाईंनी तिला थांबवले. “सत्तावीस जणांनी तो कागद वाचला, त्यांत मीही होते. करड्याचा अर्थ मीही विचारला नाही. पण पत्रात मला हे लिहावं लागेल, पोरी.”

“लिहा, बाई. आणखी एक. पुढच्या सोमवारपासून रंग नकोत. चौकोनात शब्द लिहू. ‘दिलं’ किंवा ‘देणार’. शाई कोणतीही असो, वाचता येईल.”

बाईंनी ते पत्र लिहिले, चुकीसह लिहिले. दोन कार्यालयांनी ते वाचून तिला नम्रपणे परत पाठवले. तिसऱ्याने ठेवून घेतले. मधल्या चार महिन्यांत आईचे मशीन चालूच राहिले, आणि सुई टिपणी ओवत राहिली.

पण ते पुढचे. मंगळवारी ती काकांच्या गाडीतून नदीवर गेली. पूल युद्धात पडला होता. पिंपांवर फळ्या बांधून केलेल्या वाटेवरून पाण्याच्या गाड्या इंचाइंचाने सरकत पार झाल्या. वस्तीत भांड्यांची रांग लागली. रांगेत एक तरुण माणूस होता. एका हातावर तान्हे मूल, दुसऱ्या हातात कळशी. त्याला दोन्ही सांभाळेनात. टिपणी पुढे झाली, तिने कळशी घेतली, नळाखाली धरली, भरली आणि त्याच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली. आत एका खुंटीवर बाईची ओढणी तशीच होती. तिने हात जोडले. कुणाला जोडले, ते देव जाणे आणि ती जाणे.

रांगेकडे परत आल्यावर काकांच्या मावशीपाशी तिने वही उघडली. नव्या तक्त्याच्या कच्च्या पानावर, पाण्याच्या चौकोनात तिने कालच ‘देणार’ लिहिले होते. तिने पेन उचलले.

“थांब,” मावशी म्हणाली.

म्हातारीने पेला भरला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पदराने ओठ पुसले.

“हं. आता लिही.”