झवेरबेनचं कपाट

भूजमध्ये आमच्या शेजारी झवेरबेन राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलानं, जिगरनं, नवं उंच कपाट आणून आपल्या मुलीच्या पलंगाशेजारी उभं केलं आणि झवेरबेनचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवता जेवता उठायच्या, कपाट हलवून बघायच्या, पुन्हा ताटावर बसायच्या.

"कपाटाला भिंतीशी पट्टी मारून घे रे," त्या जिगरला म्हणाल्या.

"आत्ताच रंग दिलाय, बा! भोकं नकोत हं," सून मित्तल मध्येच सासूला म्हणाली. "एवढं जड धूड, कोण पाडणार त्याला?"

बुधवारी सकाळी मित्तल बाजारात गेली आणि झवेरबेन माझं ड्रिल मागायला आल्या. मी म्हटलं, "मी करून देतो."

"नको. तुम्ही नुसतं स्टूल धरा."

त्यांनी सगळ्यात बारीक बिट लावलं. "आधी बारीक भोक. भिंतीच्या पोटात काय आहे ते तरी कळेल." पांढरी भुकटी पडली आणि बिट भसकन आत गेलं. "पोकळ आहे मेलं! इथं स्क्रूचा प्लग धरायचा नाही." चार बोटं बाजूला दुसरं भोक. तेही पोकळ. तिसऱ्यातून लाल भुकटी आली. वीट लागली होती. त्या मोठं बिट चढवत होत्या, तेवढ्यात मित्तल दारात.

"बा! भिंतीची चाळण केलीत! आणि भाई, तुम्हीसुद्धा?"

झवेरबेननी ड्रिल खाली घेतलं. "माझी कोकिळा पाच वर्षांची होती."

"माहीत आहे, बा. भूकंपात घर पडलं आणि..."

"घर नाही पडलं. घराला तडासुद्धा गेला नाही. मी चहा गाळत होते. ती झोपली होती. कपाट पडलं, मित्तल. नुसतं कपाट."

इतक्या वर्षांत हे मलाही ठाऊक नव्हतं.

मित्तलनं पिशवी खाली ठेवली. वर्तमानपत्राचा कागद दुमडून भोकाखाली धरला. "पाडा भोक. त्या बाजूलाही एक लागेल ना?"

दोन्हीकडे प्लग ठोकले, पट्ट्या आवळल्या. दोघींनी मिळून कपाट ओढून पाहिलं. हललं नाही. झवेरबेन ओट्यावर जाऊन आल्या, पुन्हा ओढलं. पाच मिनिटांनी आणखी एकदा. मित्तलनं अडवलं नाही. ती मांडवीला राहणाऱ्या आपल्या आईशी फोनवर बोलत होती, "रविवारी बांना घेऊन येते. तुझ्या पलंगाजवळचं कपाट... अगं, ते मग सांगते. आधी सांग, घरात स्टूल आहे का?"