कोकोपीटच्या विटा कोणी मागवल्या?

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी अकोल्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी सोडली, गणवेश जमा केला, आणि आता गावोगावी कायद्याची पत्रकं वाटत फिरते. पोलिसानं आठवणी वयाची साठी उलटल्यावर लिहायच्या असतात म्हणे. माझी तेवढी थांबायची तयारी नाही. नाव मात्र कोणाचंच लिहिणार नाही.

खबर आली ती पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या माणसाकडून. शहराच्या कडेला एक बंगला होता. मालक पुण्याला राहायचे, खाली फक्त रखवालदार. तरी वरच्या मजल्यासाठी फिल्टरच्या पाण्याचे कॅन सारखे जायचे. हा माणूस आमच्या डी.बी. म्हणजे गुन्हे शोध पथकातल्या हवालदाराला चहाच्या टपरीवर सहज म्हणाला, की वर कोणी राहत नाही, तरी एवढं पाणी पितं कोण? शिवाय जिन्यात वास येतो, तो अगरबत्तीचा नाही. हवालदार जुना होता. चहा तसाच टाकून ठाण्यात आला.

मिळालेली माहिती लेखी घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, दोन पंच घेतले आणि सकाळीच छापा घातला. वरच्या खोलीला कुलूप होतं. ते पंचांसमोर तोडलं. खिडक्यांना काळं प्लास्टिक, छताला जांभळे दिवे, कोपऱ्यात पंखा, आणि कुंड्यांमधून गांजाची झाडं. कुंड्यांत माती नव्हतीच. नारळाच्या काथ्याचा तपकिरी, हलका चुरा होता. कोकोपीट म्हणतात त्याला; विटेसारखा दाबून विकतात, पाण्यात टाकला की फुगतो. भिंतीलगत त्या विटांची रिकामी खोकी पडली होती.

गाडीत घालून आणलं कोणाला? रखवालदाराला. साठीच्या पुढचा माणूस, खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यातला. इथे त्यांना बाबा म्हणते. ठाणेदार साहेबांचं गणित सरळ होतं. हा माळीकाम करतो, वर कुंड्या आहेत, खोकी यानेच जिन्यावरून वर नेली, शेजाऱ्यांनी पाहिलंय. मग अजून काय पाहिजे? संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

आता अटक म्हणजे काय ते समजून घ्या. गांजाची लागवड म्हटलं की दहा वर्षांपर्यंत तुरुंग. जामीन मिळता मिळत नाही. बाबांच्या वयाच्या माणसाला ते वरून माती टाकण्यासारखंच होतं. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? तर त्यांनी ओझं उचललं म्हणून.

मी बाबांना विचारलं. ते भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. खुर्ची कोणी दिली नव्हती.

"मले काई मालूम नाई, मॅडम," ते म्हणाले. "छोट्या मालकानं सांगतलं, खोके वर ठिवा. ठिवले. खोलीले कुलूप त्यायचंच. म्हने कॉलेजचा प्रोजेक्ट हाय, हात नोको लावू."

"मग विचारलं नाही, काय प्रोजेक्ट आहे ते?"

"मालकाले इचारत असते का कोनी?"

हा छोटा मालक म्हणजे बंगल्याच्या मालकाचा पुतण्या. घर शेंदूरजनाघाटकडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. शिकायला अमरावतीला खोली घेऊन राहायचा, आणि काकांच्या रिकाम्या बंगल्यावर दर दोन-तीन दिवसांनी यायचा. त्याला आम्ही बोलावलं होतं. कशासाठी? साक्षीदार म्हणून! तो ठाणेदारांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसला होता आणि त्याच्यासमोर थंड पेय ठेवलेलं होतं. मालक पुण्याहून निघाले होते आणि वाटेतून त्यांचे फोनवर फोन येत होते. बाहेर फरशीवर एक, आत खुर्चीवर एक. एकाच ठाण्यात, एकाच गुन्ह्यासाठी. ठाण्याच्या भिंतीवर सर्व नागरिक समान असल्याची पाटी असते. त्या पाटीखालीच हे चाललं होतं.

मी पुन्हा बंगल्यावर गेले आणि पंचांना घेऊन गच्चीवर चढले. पाण्याच्या टाकीमागे आणखी काही कुंड्या फेकलेल्या होत्या. त्यांत काळी माती होती, वाळून दगड झालेली, भेगा पडलेली, आणि त्यात मेलेली रोपं. मातीवर पांढरा थर धरला होता. मी मूळची भातकुली तालुक्यातली. तो थर कशाचा हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या पूर्णाकाठच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. त्या बंगल्याच्या बोअरचंही खारं. असं पाणी कुंडीतल्या काळ्या मातीला पाजलं की मीठ वर येतं आणि रोप मरतं. वरून खतही मूठमूठ ओतलं होतं. युरियाचे दाणे अजून दिसत होते.

खाली फाटकाशी बाबांनी मोगरा लावला होता. शेजारी झाकण घातलेला ड्रम. त्यात नळाचं पाणी भरून ठेवलेलं. नळ आमच्याकडे रोज येत नाही, तरी मोगऱ्यासाठी ते पाणी वेगळं राखलेलं होतं. आमच्या पट्ट्यातला कोणीही माणूस हेच करतो. बोअरचं पाणी रोपाला घालण्याची चूक इथला माणूस करणार नाही. ती करील तो गोड्या विहिरीवर वाढलेला. संत्र्याच्या पट्ट्यातला, ज्याला फिल्टरचे कॅन मागवायचं रोपं मेल्यावरच सुचलं.

मी हे ठाणेदारांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुमी लय बारीक पायता. कोर्टात काय सांगसान, मोगऱ्यानं साक्ष देल्ली?"

त्यांचं चुकलं नव्हतं. हा पुरावा नव्हता. पण चौकशी कुठल्या खुर्चीपासून सुरू करायची एवढं त्यातून कळत होतं. मी गच्चीवरची एक कुंडी रीतसर पंचनाम्यात घेऊन ठाण्यात आणली आणि पुतण्यासमोर टेबलावर ठेवली.

माणसांबद्दलची एक गोष्ट मी नोकरीत शिकले. आरोप केला तर माणूस गप्प बसतो. त्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं तर त्याला राहवत नाही. म्हणून मी त्याला काहीच विचारलं नाही. हवालदाराशीच बोलले. म्हटलं, म्हाताऱ्यानं कमाल केली. आधी काळ्या मातीत जमलं नाही, तर गडी कोकोपीटवर गेला. युरिया टाकून टाकून काय झाडं उभी केली वर!

हवालदार मुरलेला. म्हणाला, "होय तर. युरियाशिवाय हिरवी होतच नाई. बुढ्याचा हात लय चांगला हाय."

पोरगं चुळबुळलं.

"त्याले काय समजते?" तो म्हणाला. "कोकोपीटमधी युरिया टाकते का कोनी? मुळं जळतात सर. त्याचं वेगळं लिक्विड येते. नवीन मानसानं तर अर्ध्याहून कमीच द्यावं लागते, नाई तर पानाचे शेंडे—"

आणि थांबला. ठाणेदार साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"बोल ना," मी म्हटलं. "शेंडे काय होतात?"

त्याने थंड पेयाची बाटली बाजूला सरकवली.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे लोकांनी पक्कं लक्षात ठेवावं. पण आरोपीनं सांगितलेल्या जागी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. आता तो साक्षीदार राहिला नव्हता. त्याला त्याचे हक्क सांगितले आणि पंच बोलावले. थोड्या वेळानं तो म्हणाला, उरलेलं सामान अमरावतीच्या खोलीवर आहे, काढून देतो. तसा निवेदन पंचनामा केला आणि गाडी अमरावतीला नेली. कपाटात कपड्यांमागे कोकोपीटच्या विटा आणि द्रवरूप खताच्या बाटल्या निघाल्या. बंगल्यातल्या तुटलेल्या कुलपाची किल्ली त्याच्याच मोटारसायकलच्या किल्ल्यांत होती.

बाटल्यांवरची चिठ्ठी वाचून माझा संताप झाला. घरातल्या शोभेच्या रोपांसाठी! आणि हेच सामान ऑनलाइन विकताना जाहिरात काय, तर नवशिक्यांसाठी खास संच, बंद खोलीतही चालेल, शेजाऱ्यांना कळणार नाही. शोभेचं रोप शेजाऱ्यांपासून कोण लपवतं हो? विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त खोकं वर नेणाऱ्याला, आणि पहिली पकड त्याच्याच मानेवर.

परतलो तोवर मालक ठाण्यात पोचले होते. ते म्हणाले, मॅडम, पोरानं इंटरनेटवर पाहून गंमत केली, करिअरचा प्रश्न आहे. बागेतला पोरगा, झाडाचा नाद असतोच. मी विचारलं, बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न तुम्हाला सकाळपासून एकदा तरी पडला का? त्यांनी वकिलांना फोन लावला.

पुतण्याला अटक झाली. बाबांचं नाव आरोपींत गेलं नाही, साक्षीदारांत गेलं. हा प्रश्न एका दिवसात सुटला खरा. पण त्या दिवशी मी रजेवर असते तर? ठाण्यात खारपाणपट्ट्यातलं कोणी नसतं तर? निर्दोष माणसाचं सुटणं ठाण्यात कोण हजर आहे यावर टांगलेलं असेल, तर त्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून आमच्या पत्रकात मी एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत छापते, की माल कोणी मागवला हे आधी विचारा. उचलला कोणी, हे विचारायला नंतर पुष्कळ वेळ असतो.

बाबांना जायला सांगितलं तेव्हा त्यांची बायको ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. ती दुपारीच गावाहून आली होती. मी म्हटलं, आजी, सुटले, घेऊन जा.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "बाई, पोलिसाच्या गाडीत नेलं ते बंगल्यापासून गावापर्यंत साऱ्याईनं आयकलं. आता सुटला हे कोन आयकन? गाडीतच आनून सोडा याले."

मी ठाणेदारांकडे गेले. ते म्हणाले, सोडायला गाडी देण्याची तरतूद नाही. खरंच नाही. आणायला आहे.

मग मी त्या दोघांबरोबर एसटीत चढले, गणवेशातच. बाबा खिडकीशी बसले, मी शेजारी, आजी समोर. कंडक्टर दोनदा वळून पाहून गेला. गावच्या थांब्यावर उतरलो तेव्हा हॉटेलाच्या बाकावर माणसं होती. मी बाकावर बाबांना जागा करून दिली, स्वतः त्यांच्या बाजूला बसले आणि तिघांसाठी चहा सांगितला. हॉटेलवाल्यानं कपबशा ठेवताना बाबांकडे न पाहता मलाच विचारलं, काय भानगड होती मॅडम?

"भानगड दुसऱ्याची होती," मी साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हे आमचे साक्षीदार आहेत."

बाबांनी बशीत चहा ओतला. बशी त्यांनी सगळ्यांसमोर, सावकाश, शेवटपर्यंत संपवली.