रांगोळीचं यंत्र आणि माझ्या अक्षता

चहा घ्या, पण कप नीट धरा. माझ्या शहाणपणाची हकीकत आहे, हसताना सांडेल.

इकडे हिंदी मुलखात, आमच्या मुरार मोहल्ल्यात, शेजारच्या मृणालनं रांगोळी काढणारं यंत्र बनवलंय. मोटर एकेक पाऊल सरकते, दातेरी पट्टा ओढला जातो आणि नळीतून पांढरी रेघ पडत जाते. दुपारी मेथी निवडायच्या निमित्तानं मी तिथेच. ती संथ घरघर ऐकत, फरशीवर उमलणारं कमळ बघत मी कुठल्या कुठे पोचायची. जणू चांदण्याचं तळं आहे आणि त्यात मी पाय सोडून बसलेय. मेथी हातातच.

आता इतक्या सुंदर वस्तूची पूजा नको? मृणाल असल्या गोष्टींना हसते, म्हणून ती आत गेल्यावर मीच गुपचूप कुंकू लावलं, डोळे मिटून अक्षता वाहिल्या.

त्यानंतर कमळ बिघडलं. शेवटची पाकळी पहिलीला मिळेना, बोटभर बाजूला.

"मोटरची पावलं चुकताहेत, काकू. जागाच धरत नाही."

"थकली असेल गं."

"मोटर थकत नाही, काकू."

तिनं वेग कमी केला, वायर बदलली, पट्टा ताणला. पाकळी आणखीच सरकली. मी काय समजायचं? नजर लागली, दुसरं काय. ती चहा टाकायला गेली की मी मूठभर अक्षता वाहायची. जितकं बिघडे, तितकी माझी मूठ मोठी.

शनिवारी थाटीपुरच्या मॅरेज गार्डनवाल्या, म्हणजे लग्नासाठी लॉन भाड्यानं देणाऱ्या बाई यंत्र बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर मृणालची पहिली ऑर्डर. सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला.

"आज नाही जुळलं तर खतम समझो, काकू."

यंत्र सुरू झालं. घरघर, पांढरी रेघ, माझं तळं... मृणाल शेजारीच उभी आहे हेही विसरले. हात आपसूक उठला आणि अक्षता पडल्या.

एक दाणा घरंगळत थेट पट्ट्याखाली गेला. पट्टा त्यावर चढला, एक दात ओलांडून पुढे बसला. पाकळी सरकली.

मृणालनं यंत्र थांबवलं, पट्टा काढला. खाली वाटीभर तांदूळ.

"काकू... हे तुम्ही रोज?"

"रोज नाही गं. एकादशी सोडून."

तिनं ब्रशनं सगळं झाडलं, पट्टा बसवला. बाई आल्या तेव्हा पाकळीला पाकळी मिळाली, कमळ पुरं झालं. बाई खूश. ऑर्डर दिली आणि विचारलं, "बेटा, इसमें सावधानी क्या रखनी पड़ती है?"

"कुछ नहीं, आंटी. बस, पड़ोसन को दूर रखना."

मी त्याच वेळी बाईंपुढे चहाचा ट्रे धरला होता. त्यांनी विचारलं, "और आप?"

मी म्हटलं, "जी, वही."