निवृत्तीचा ॲम्प आणि वर्षभराचा दुखवटा

निवृत्ती मेला त्याला आज वर्ष झालं, आणि त्याचा ॲम्प अजून माझं डोकं खातोय.

जिवंत होता तेव्हाही हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निवृत्ती विंझरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. जीप चालवायचा. राजगडला जाणाऱ्या ट्रेकर लोकांना पायथ्याच्या पालीला सोडायचा. सीटखाली गाणी दणदणीत वाजवणारा हा एवढा मोठा ॲम्प.

मी सांगून थकलो, "अरे जीप आहे का डीजेचा टेम्पो?"

"तू फकस्त फिटिंग कर. आवाजाचं म्या बगतो."

गेल्या वर्षी गाडी धुता धुता छातीत कळ आली. भोरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा त्याची बायको, लता वहिनी, तोच ॲम्प पिशवीत घालून वेल्ह्याला माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आल्या.

"भाऊजी, वर्षश्राद्धाला दुखवटा निघंल. त्या दिशी जीपमदी ह्यो वाजला पायजे."

मी म्हटलं, तासाभराचं काम.

कसलं तासाभराचं!

टेबलावर घेऊन बारा व्होल्ट दिले की लाल लाइट. प्रोटेक्ट, म्हणजे आत बिघाड. आपोआप बंद.

फ्यूज बरोबर. वायर बरोबर. पॉवर सप्लायचे मॉसफेट, म्हणजे करंट सोडणारे बारके पार्ट, शॉर्ट निघाले, सगळे बदलले. खुश होऊन हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लावला आणि सप्लाय दिला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे आत अजून शॉर्ट आहेच. नव्या मॉसफेटला बोट लावलं तर चटका.

स्पीकरकडची बाजू सर्किटमधून वेगळी करून बघितली. तरी तेच. चहा थंड झाला, गिऱ्हाईक परत गेलं, बायकोचे फोन उचलले नाहीत.

शेवटी वैतागून ट्रान्सफॉर्मर उपसला. खाली बोर्ड गंजून हिरवागार. वाईंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, आतून सडलेलं.

जीप वर्षभर गोठ्यामागं उभी. आमच्याकडचा पाऊस, ती ओल, आणि स्विचला कुणी हात लावलेला नाही.

आज सकाळी वहिनी विचारायला आल्या आणि माझं डोकं सटकलं.

"महिन्यातनं एकदा तरी चालू करायचा होता ना! बारीक आवाजात! ओल धरून गेला तो."

"दुखवट्यात गाणं लावते व्हय, भाऊजी?"

चूक कुणाचीच नाही आणि राग तर असा आलाय की पाना फेकून मारावासा वाटतोय. पण कुणाला?

मी आवाज खाली घेतला. "वाईंडिंग नव्यानं भरावं लागेल वहिनी. आज काही होत नाही. आजच्या दिवस मोबाईलवर लावा की गाणी."

त्या दारातच थांबल्या.

"गानी कुनाला ऐकायचीत? वळनावरनं त्यो आवाज आला की म्या तवा टाकायची. त्ये दारात येईस्तवर पयली भाकर व्हायची. वरीस झालं भाऊजी, तवा कदी टाकायचा त्येच कळत न्हाई."

आणि पदर सावरून गेल्या. एसटी सुटायची होती.

सगळे विंझरला जेवायला गेलेत. मी दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसलोय. दोनदा वेढे चुकले. परत सोडले, परत घालतोय. आज होणार नाही हे मलाही कळतंय.

फार आठवण येते रे तुझी, हरामखोरा.

निवृत्ती, रामराम.