आयोडीनची करवली

मी खोटं बोलतो हे जुन्या शहरातल्या म्हशींनाही ठाऊक आहे. अकोल्याच्या मे महिन्यात मी डांबरी रस्त्यावर पोळी टाकली आणि उलटायला गेलो तर दुसरी बाजू आधीच भाजलेली — हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाही त्या पोळीची चव आठवते. तेव्हा तुम्ही म्हणाल, या माणसाचं काय ऐकायचं? बरोबर आहे. पण आज जे सांगणार आहे ते मी बायकोला सांगितलं नाही, अमरावतीच्या भावाला नाही, स्वतःशीही कधी मोठ्यानं बोललो नाही. यात एक अक्षर वाढवलेलं नाही — आणि त्याचीच मला सवय नाही, म्हणून जरा अडखळेन.

माझा धंदा शिकवणीचा. मोर्णा नदीच्या अलीकडे, एका औषधाच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत बारावीची रसायनशास्त्राची शिकवणी. माझ्या वर्गात कोणी झोपत नाही. एक तर पत्रा तापतो, आणि दुसरं, मी गोष्टी सांगतो. माझा सोडियम पाण्यात पडला की भोकाड पसरतो, माझा क्लोरीन गल्लीतल्या दादासारखा दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन हिसकून नेतो. मुलं हसतात, हसता हसता शिकतात. हे मात्र खरं.

तर प्रणिता. दर्यापूरची. घरी वांगी, मेथी, दसऱ्याला झेंडू — बाजारात माल नेणारं घर. अकोल्यात मावशीकडे राहून शिकायची. पुढं अमरावतीला बी.एस्सी. करायचं आणि रसायनच घ्यायचं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या बाकावर बसायची आणि हात असा वर करायची की पंख्याला लागेल की काय ही भीती. मला ती फार आवडायची. — मग असं का केलं? थांबा, तिथं येतोच आहे. येऊ नये म्हणून तर इतका वेळ पोळीबिळी सांगत बसलो.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं आयोडीन मोनोक्लोराइड या वायूचं. आयोडीन आणि क्लोरीन मिळून तो तयार होताना उष्णता किती लागते किंवा किती सुटते, म्हणजे त्याची निर्मितीची एन्थाल्पी काढायची. ते असं समजा की लग्नाचा हिशेब आहे. नवरा आयोडीन, नवरी क्लोरीन. दोघांना आपापल्या जोडीतून सोडवायला उष्णता लागते, आणि एकमेकांशी गाठ बांधली की उष्णता परत मिळते. खर्चातून मिळकत वजा केली, झालं. मी धडाधड सोडवलं, उत्तर आलं उणे पंधराच्या आसपास. म्हणजे लग्नात उष्णता सुटते. मी खडू फेकला. (झेलायला कोणी नव्हतं, पण फेकायची पद्धत आहे.)

प्रणिताचा हात वर.

"सर, आयोडीन तर घन असते. ते झोपेल आहे घरी. त्याले उठवाचा खर्च कुठं धरला?"

आता तुम्ही रसायनवाले नसाल तरी हे कळेल. हिशेब करायचा तो मूलद्रव्य नेहमी जसं असतं तिथपासून. आयोडीन नेहमी घन असतं — जांभळे-काळे खडे. त्याची आधी वाफ करायला लागते, आणि त्याला वेगळी उष्णता लागते. गणितात तो आकडा दिलेलाही होता. मी तो घेतला नव्हता.

का नव्हता घेतला? कारण आम्हा शिकवणीवाल्यांची एक विद्या असते. आम्ही पोरांना सांगतो, पेपर काढणारे एक आकडा उगाच टाकतात, उंदराच्या पिंजऱ्यात भजं टाकतात तसा; तो उचलला की गेलास. वर्षानुवर्षं हे सांगून सांगून मीच त्यात अडकलो. मला तो आकडा दिसला आणि वाटलं — भजं.

मी तिला म्हणालो, आयोडीन झोपलंय काय? मग त्याला चहा पाजू का? वर्ग हसला. हसला की माझ्या अंगात येतं, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. मी नवरदेवाला उठवलं, त्याची दाढी केली, त्याला उटणं लावलं, फेटा बांधला, फेटा सैल झाला म्हणून पुन्हा बांधला. आणि शेवटी प्रणिताकडे बोट करून म्हणालो, "आणि ही पाहा आयोडीनची करवली, मानपान मागून राहिली." पत्रा उडून दर्यापूरला पडला असता, इतका हशा. तीही हसली. हात खाली घेतला आणि हसली.

तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी बरोबर आहे. ती माझी चूक. पाप अजून व्हायचं होतं.

संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना पुलावरच डोक्यात उजेड पडला. गाडी कडेला घेतली. तोंडी हिशेब केला — वाफेचा खर्च धरला की उत्तर अधिक सतराच्या जवळ जातं. म्हणजे उष्णता सुटतच नाही, लागते. नुसता आकडाच नाही, लग्नाची तऱ्हाच उलटी. पोरगी बरोबर होती. पूर्ण बरोबर. आणि तिनं ते माझ्याच भाषेत, माझ्याच वरातीत बसवून सांगितलं होतं. एवढं सुंदर मला स्वतःला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी काय करायचं होतं? एक वाक्य. "काल मी चुकलो, प्रणिता बरोबर होती." एवढंच ना? मी जिना चढताना ते तोंडात घोळवत होतो, देवाशपथ. पण वर गेलो, साठ तोंडं हसायला तयार होऊन बसलेली — आणि माझ्या तोंडून निघालं, "काल मी मुद्दाम चुकलो होतो. पाहत होतो, कोण पकडते. कोणीच नाही पकडलं."

कोणीच नाही. ती दुसऱ्या बाकावर बसलेली असताना.

मग मी सगळं नीट सोडवलं, आयोडीनला उठवायच्या खर्चासकट. तिचंच वाक्य वापरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पण होती. — तुम्ही कधी असं पाहिलंय? तुम्ही ज्याचं चोरलं तोच तुमच्यासाठी टाळ्या वाजवतोय?

वर्ग सुटल्यावर ती जिन्याशी थांबली. भांडायला नाही. तिला फक्त खात्री करायची होती. म्हणाली, "सर, म्या काल तेच सांगतलं होतं ना?"

आणि मी — प्रेमानं, तिच्या डोक्यावर हात ठेवून — म्हणालो, "तुहा तो अंदाज लागला, पोरी. अंदाज म्हणजे रसायन नाही."

तिनं वही पिशवीत टाकली. मग म्हणाली, "हो सर. असंन."

हे ते पाप. बाकी सगळं माझ्या फुशारकीचं होतं, हे नव्हतं. एका पोरीनं नीट विचार करून जे मिळवलं होतं, ते तिच्याच हातून काढून घेतलं आणि तिला पटवून दिलं की ते तिचं नव्हतंच.

त्यानंतर तिचा हात वर गेला नाही. उत्तर लिहिलं की शेजारणीचं पाहायची, आणि वेगळं असलं तर आपलं खोडायची. मी पाहत होतो. बारावीनंतर तिनं दर्यापुरातच बी.ए. केलं. आता तिथं पोस्टात आहे, बरी आहे, नवरा चांगला आहे. हे मी सांगतोय ते माझं ओझं हलकं व्हावं म्हणून नाही. तिचं बरं चाललंय, त्यात माझं काहीच नाही.

आणि माझं काय झालं? माझी कीर्ती झाली! "सर मुद्दाम चुकतात" — अख्ख्या अकोल्यात. दरवर्षी तेच गणित, तीच चूक, मग पकडणाऱ्याला आलूबोंडा. बाहेरच्या फलकावरसुद्धा लिहिलंय. एका खोट्याचा मी रिवाज करून टाकला.

यंदा प्रणिता धाकट्या बहिणीला घेऊन आली, साक्षीला. पिशवीभर वांगी आणली होती माझ्यासाठी. बहिणीला म्हणाली, सरांसारखं कोणी शिकवत नाही; मलेच जमलं नाही, माहं सारं अंदाजावर चालाचं. आणि मनमोकळं हसली. मी वांग्यांची तारीफ केली. वांगी खरंच चांगली होती.

मागच्या आठवड्यात ते गणित आलं. मी नेहमीसारखा चुकलो. साक्षीनं हात वर केला, न घाबरता, आणि म्हणाली की आयोडीनला उठवायचा खर्च राहिला. मी शाबास म्हणालो. विचारलं, कुणी सांगितलं?

"ताईनं. रोज सांजच्याले फोनवर गणितं सोडवून देते."

"तिले तर रसायन जमत नाही म्हणते ते."

"हो सर, म्हणते का माहा फक्त अंदाज असते." मग ती जरा विचार करून म्हणाली, "पण तिचा अंदाज कधी चुकत नाही."

साठ पोरं माझ्याकडे पाहत होती. ते एक वाक्य अजून तसंच होतं, तोंडात. मी साक्षीच्या हातात आलूबोंडा दिला आणि पुढचं गणित लिहायला फळ्याकडे वळलो.