बटणांचा ई-रीडर
बायकोला वाचनाची आवड नाही, असं मी सोयऱ्याधायऱ्यांत इतकी वर्षं सांगत आलो की सगळ्यांना तेच खरं वाटतं. ते खरं नाही. वाचनालयात जाणारा मी, पुस्तक निवडणाराही मीच. हिने एखादं सुचवलं तर घरी येऊन सांगायचो, "ते नव्हतं गं." खरं म्हणजे मी त्या कपाटाकडे गेलेलोच नसायचो. पुढे तिने सुचवणं सोडलं, आणि मग वाचणंही.

या उन्हाळ्यात मुलगी चिपळूणहून दोन ई-रीडर घेऊन आली. एक तिचा, एक मैत्रिणीचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही हिला बारीक छपाई वाचवत नाही. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. "दोन्ही वापरून बघा. आवडेल तसला नवीन घेऊ," मुलगी म्हणाली.

मी लगेच ठरवलं. मोठा, पातळ, बोट फिरवलं की पान उलटणारा. दुसरा छोटा, कडेला बटणं असलेला, जुनाट दिसत होता.

"हाच घेऊ," मी म्हणालो.

"बाबा, वाचणार कोण?"

"राहू दे गो," ही हसत म्हणाली. "ते आणतील तेच वाचायचं. सवय आहे मला."

मोठा मी हिच्या हातात दिला. सकाळपासून ती आमसुलं करत होती. कोकमाच्या खारट रसाने बोटं लाल, खरखरीत झालेली. पान हलेना. तिने पदराला बोट पुसलं, जोर दिला, तशी तीन-चार पानं एकदम सरकली.

"मी नको दिसत्ये ह्याला," ती म्हणाली.

'हळू फिरव' असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि छोटा पुढे केला. तिने बटण दाबलं. पान उलटलं. परत दाबलं, परत उलटलं.

"हा," ती म्हणाली.

"बरं, पुस्तक कुठलं घालू?" मुलीने विचारलं.

सवयीने हिने माझ्याकडे पाहिलं.

"मी चहा टाकतो," म्हणून मी आत गेलो.

बाहेरून आवाज आला, "खून-बिन असलेलं मिळेल काय गो?"

"आई, तुला?"

"मग काय, पोथ्याच वाचू?"

चहा घेऊन आलो तर तिने मान वर केली नाही. मी कप पुढे धरला.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "दार कोणी उघडलं ते कळू दे."