रखमाबाईचा गुडघा

रखमाबाई आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीत आली की आधी चालून दाखवायची, मग पाणी प्यायची. चुडाव्याहून गाडीनं ती पूर्ण्याला उतरायची, डोक्यावरचं बोचकं लिंबाजीदादांच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपझप जाऊन यायची. बाजेवर बसलेले लिंबाजीदादा तिच्या उजव्या पायाकडे बघत राहायचे. "बघा दादा, मजेत हाय तुमचा गुडघा," असं म्हटल्यावरच ती तांब्या तोंडाला लावायची.

मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होते. नवीन असताना मला ही दोघांची चेष्टा वाटली होती, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. लिंबाजीदादा शंटिंगला होते. डबे जोडताना त्यांची मांडी बफरांमध्ये चेंगरली. औरंगाबादला नेल्यावर पाय मांडीतून काढायचं ठरलं. गुडघा मात्र शाबूत होता. तिथल्याच दवाखान्यात रखमाबाई कधीची पडून होती. खांद्यावर कोकरू घेऊन ओढा ओलांडताना ती खडकावर आपटली होती. गुडघ्याच्या हाडावर जी गुळगुळीत गादी असते, तिचा मोठा तुकडा खालच्या हाडासकट निखळला होता. पाय मध्येच अडकायचा, टेकवला की कळ मस्तकात जायची. नवरा वारलेला, घर मेंढरांवर चालणारं, आणि ही खाटेवर.

डॉक्टरांनी दादांना विचारलं, पाय तर जाणारच आहे, त्यातली चांगली गादी हाडासकट त्या बाईच्या गुडघ्यात बसवून बघू का? टिकेलच असं नाही, हेही सांगितलं.

"मी इचारलं, बाई काय काम करती?" दादा सांगायचे. "डॉक्टर म्हणले, मेंढरं राखती. म्हणलं, द्या मग. मोकळ्या रानात तरी फिरंल."

दादांना पुढे लॅम्परूममध्ये कंदील पुसायचं काम मिळालं. रखमाबाई कितीतरी महिने कुबड्यांवर होती. मग काठीवर आली आणि एक दिवस काठीही टाकून मेंढरांमागं निघाली. त्यानंतर लवकरच ती दादांसाठी घोंगडी घेऊन पूर्ण्याला आली आणि येतच राहिली.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. कालपर्यंत एका पारावर बसणारी माणसं एकमेकांना बघून वाट बदलत होती. दादा बौद्ध, रखमाबाई धनगर. दिरानं तिला त्या घरी जायला बंदी घातली. ते तिनं मला सहज, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

"माणसाचं मेंढरागत हाय, सिस्टर. एक वळलं की सगळी वळतेत. मी म्हणलं, भावजी, त्यांच्या दारात जाऊ नको म्हणता. त्यांचं हाड घिऊन मी रोज तुमच्या चुलीम्होरं बसायलेय, त्याचं काय करू?"

दिरानं तिची चूल वेगळी काढली. ती वेगळ्या चुलीवर भाकरी भाजून, फडक्यात बांधून, ठरल्याप्रमाणे पूर्ण्याला येत राहिली.

काही वर्षांनी एकदा ती लाइनीत जायच्या आधी माझ्याकडे दवाखान्यात आली. लुगडं वर सरकवलं तर गुडघा कवठासारखा सुजलेला. एक्स-रे काढून घेतला. बसवलेला तुकडा झिजून खाली दबत चालला होता. मी औरंगाबादला जायला सांगितलं, तर तिनं मान हलवली.

"दाबून पट्टी बांदा. आजच्यापुरतं सरळ चालता यावं. दादांना सांगू नका. त्यांचा पाय एकदा गेलाय, दुसऱ्यांदा जायला नको."

मी पट्टी बांधली. ती अंगणात चालली. बघणाऱ्याला काही कळलं नसतं, पण तिचा आवळलेला जबडा मला दिसत होता. दादा म्हणाले, "झ्याक." पुढच्या खेपेलाही तसंच झालं, त्याच्या पुढच्यालाही.

नामांतर झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट. रखमाबाईनं बोचकं ठेवलं आणि ती चालायला वळली. दादांनी बाजेवरूनच कुबडी आडवी धरली.

"बस."

"आदी बघा तरी, दादा."

"लय बघितलं. इतकी वर्सं मी त्याच्यावर चाललो. तो लंगडला तर मला कळंना का? तुला वाईट वाटंल म्हणून गप होतो. माहेराला आलेली बाई आदी बसती. बस."

ती जराशी तशीच उभी राहिली. मग बाजेच्या कडेला टेकली आणि पाय लांब केला. त्या अंगणात तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. दादांनी आपली उशी तिच्या गुडघ्याखाली सरकवली. तिनं विचारलं, "रागावला न्हाईत?"

"कशाला? माझ्यापाशी असता तरी म्हातारा झालाच असता."

मेंढरांमागचं चालणं तिला सोडावं लागलं. पुतणे मेंढरं नेऊ लागले, ती मेंढरांच्या वाड्यावर कोकरं सांभाळायची. स्टेशनापर्यंतची पायपीट झेपेना, तेव्हा तिचा दीरच तिला सायकलवर मागं बसवून लाइनीत आणून सोडू लागला. माझी बदली होईपर्यंत तो काही आत आला नाही. रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा राहायचा. दादा त्याला चहा पाठवायचे. तो चहा प्यायचा, नळावर कप स्वतः विसळायचा आणि उंबऱ्यावर पालथा घालून ठेवायचा.